दुसऱ्या पॅडवरची गाडी

माझ्या हातून जगात एकच गोष्ट निर्माण झाली आहे: जळगाव ते धुळे अशी मोटारींची शर्यत, आणि तीही अशा यंत्रासाठी जे आता कुणी विकत घेत नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेट खुपसून खेळायचा तो व्हिडीओ गेम. पन्नाशी जवळ आली की लोक गुडघ्यांकडे लक्ष देतात. मी त्या गेमसाठी नवी कॅसेट बनवायला घेतली. दोन-तीन वर्षांचे रविवार त्यात गेले. बायको आल्यागेल्याला सांगायची, आमच्याकडे गाड्या बनवतात, फक्त स्कूटरचं पंक्चर काढायला सवड नसते.

कॅसेटमध्ये जागा इतकी थोडी की माझं एरंडोल आणि माझं पारोळा अगदी सारखं दिसतं. तेच घर, तेच कडुनिंबाचं झाड. रंगही मोजकेच, त्यामुळे केळीचा ट्रक हिरवा आणि कापसाचा ट्रॅक्टरही हिरवा. हिरवा कापूस कोठे पिकस रे भाऊ, असं अक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

अक्का माझी मोठी बहीण. धुळ्याला राहते, तिथल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. आमच्या लहानपणीचं ते यंत्र आणि जुना पोटवाला टीव्ही तिनंच चालू ठेवला आहे. घरी मी कॉम्प्युटरवर एकटाच खेळून बघायचो, पण खरी परीक्षा अक्काकडे. तेवढ्यासाठी मी एसटीनं धुळ्याला जायचो. बायकोला सांगायचो, बहिणीला भेटून येतो.

गेल्या हिवाळ्यात अक्का ओट्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं आखडलेलीच राहिली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तिला त्याचा कंटाळा आला. तेव्हा मी मोठ्या अधिकारानं सांगितलं की चेंडू सोड, माझा गेम खेळ, बोटांना यापेक्षा चांगला व्यायाम नाही. आपण समाजाच्या उपयोगी पडतोय असंही मला वाटून गेलं.

यंत्राच्या बटणांच्या दोन पॅडपैकी पहिला मी घेतला, दुसरा तिनं. हे कुणी ठरवलं नव्हतं. यंत्र घरी आलं तेव्हा पहिला पॅड माझ्या हातात दिला गेला. घरात मुलगा मीच होतो, एवढंच कारण. दुसऱ्या पॅडवरूनही ती मला तेव्हा दर वेळी हरवायची. आता मात्र मी जिंकायला लागलो. वयानुसार माणूस मुरतो, असा निष्कर्ष मी काढला.

मग एकदा घरी कॉम्प्युटरला दोन पॅड जोडून एकट्यानंच चाचणी घेतली आणि कारण सापडलं. मी लिहिलं होतं असं, की यंत्र आधी पहिल्या पॅडला विचारतं, त्याची गाडी वळवतं, टक्कर झाली का बघतं, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या पॅडकडे वळतं. रस्त्यावर ट्रॅक्टर वाढले की वेळ उरतच नाही. अक्कानं बटण दाबलं तरी गाडी वळत नसे. दुरुस्ती एका संध्याकाळची होती. मी ती केली नाही. आधी कापसाचा रंग बघू, असं स्वतःला सांगितलं. खरं हे, की अक्काला हरवणं मला फार गोड लागत होतं.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या अखाजीला, ती माहेरी, म्हणजे माझ्याकडे आली, ती यंत्र पिशवीत घालूनच. रस-पुरण झाल्यावर सगळ्या घरासमोर मी तिला ओळीनं हरवत गेलो. ती हसत होती आणि डाव्या हातानं उजवं मनगट दाबत होती. ते मी पाहिलं, आणि पुढची शर्यत सुरू केली.

आठवड्याभरात दाजींचा फोन आला. अक्का नोकरी सोडते म्हणते. भावाच्या गेममध्ये जो हात वेळेवर चालत नाही तो लोकांची शीर काय शोधणार, असं तिचं म्हणणं. लॅबच्या डॉक्टरांना उद्या कळवणार होती.

सकाळची पहिली गाडी धरून मी धुळ्याला गेलो. तिनं चहा ठेवला आणि मी न विचारताच म्हणाली, "मना हात आते पहिलासारखा नही राह्यना, भाऊ."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. त्याऐवजी मी यंत्र जोडलं आणि आज पहिला पॅड तू घे म्हणालो. तो तुझा आहे, असं म्हणत ती घेईना. शेवटी घेतला. जिंकली. पुन्हा जिंकली. मला वाटलं खूश होईल, पण तिनं पॅड बदलले आणि ती हरली. परत बदलले, जिंकली. माझ्याकडे न बघता टीव्हीचा आवाज बंद केला.

"कधीपासून माहीत व्हतं तुले?"

"अखाजीच्या आधीपासून."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती शेजारपाजारच्यांचं रक्त घ्यायला घरी ठेवलेला डबा घेऊन आली. माझी बाही वर सारली, दंडाला रबरी पट्टा आवळला आणि मूठ आवळायला सांगितलं. मी आवळली. पहिल्यांदा सुई चुकली. तिनं दुसरी सुई काढली, बोटानं शीर चाचपली, आणि या वेळी नळीत रक्त आलं. पहिली हातामुळे चुकली की माझ्यावरच्या रागामुळे, हे मी विचारलं नाही. तिनं ती नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, कामावर जाईन.

दुपारी दाजी जेवायला आले. शेवभाजी वाढता वाढता अक्कानं त्यांना सांगितलं, "गेममा फॉल्ट व्हता. भाऊनी शोधी काढा." एवढंच. अखाजीचं नाव नाही. मी कोपरात कापूस दाबून, डाव्या हातानं वाटी सावरत बसलो होतो.

"बरं झालं," दाजी मला म्हणाले, "तुम्ही वेळेत शोधलंत."