सहाला न उठणारी मोटार

नळयोजनेच्या मोटारीला घड्याळाचा स्विच बसवायचा हट्ट माझाच, ग्रामपंचायतीच्या सेक्रेटरीचा. सकाळी सहाला ती आपोआप सुरू व्हायची होती, पण आठवडाभर झालीच नाही. ऐन दुष्काळात कोरड्या नळांवर बायका माझा उद्धार करत होत्या. सरपंच म्हणाले, "घड्याळ काढा, अन् ह्या सेक्रेटरीलाबी."

मग भूमचा मेकॅनिक आला. कानावर स्क्रूड्रायव्हर, गालात सुपारी, आणि प्रत्येक यंत्राला तो 'बाई' म्हणणार! दुपारी त्यानं हातानं बटण दाबलं. मोटार झकास चालली.

"बाई ठणठणीत हाय," तो म्हणाला. "सहाला हिच्यासंगं आणखी कोण उठतं?"

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना तो पहाटेपासून चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत शिरला आणि सरळ खटका पाडला. गिरणी सरपंचांची!

"कुणाला इचारून?" सरपंच गरजले.

"सगळा करंट तुमची बाई खाती. मोटार उठंल कशी?"

सहा वाजले. पलीकडं विहिरीवर मोटार आपसूक घुमू लागली. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

सरपंच नरमले. "बरं, गिरणी सातला लावू. पण दळण घेऊन बसलेल्या ह्या बायकांना तूच सांग."

त्यानं बायकांकडं पाहिलं आणि सुपारी गिळली.

"ते सेक्रेटरीसाहेब सांगतील," म्हणत तो एस.टी.कडं पळाला.