खालच्या ओळीतला हवालदार

फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा घ्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा. वर मधोमध मोठे साहेब, त्यांच्या खांद्याशी स्थानिक नेते आणि खाली टिकल्यांएवढे शुभेच्छुक. खालापुरात फ्लेक्सच्या दुकानात मी संगणकावर बसते आणि दिवसभर हेच करते. शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन नांदेडकडून इथं आले, नवरा साजगावच्या कारखान्यात कंत्राटावर. हे काम मिळालं ते आमच्या घरमालक काकांमुळे. दुकानाच्या शेठला तेच म्हणाले होते, "बसवून तर बघ. नाय जमलं तर मला शिव्या घाल."

काका नोकरी भिवपुरीच्या वीजकेंद्रात करायचे आणि रजा टाकून मुंबईला शूटिंगला जायचे. टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेत ते हवालदार होते, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत. नायकाचं नाव सुरुवातीला एकट्याचं, अख्ख्या पाटीवर. काकांचं शेवटी, 'आणि इतर'च्या पाटीत. त्यातही बातम्यांची वेळ झाली की ती शेवटची पाटीच कापायचे. घरचे सगळे टीव्हीपुढे बसायचे आणि नाव यायच्या आत बातम्या लागायच्या.

आता ती मालिका मोबाइलवर दिसते. मी एकेक भाग लावून शेवट बघत गेले. एका भागात पाटी सापडली. भरभर वर जात होती. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून चारदा मागे नेली आणि थांबवली. काकांनी नावावर बोट ठेवलं, तसा व्हिडिओ पुन्हा चालू झाला आणि नाव गेलं.

"गेलं बघ," ते म्हणाले. "तवा पन असंच व्हायचं."

मला तेव्हाच राग आला होता. पुढचा राग मात्र माझ्यावरही आहे.

त्या मालिकेच्या नायकाचा कर्जतजवळ बंगला आहे. इथल्या मंडळानं त्याचा सत्कार ठरवला आणि फ्लेक्स आमच्या दुकानात आला. यादीत खालच्या ओळीत काका होते. मी घरी सांगितलं. काकांनी पेटीतून हवालदाराच्या वेशातला फोटो काढून दिला. "एकच हाय गं. जपून." मी तो स्कॅन केला, खालच्या ओळीत बसवला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा कार्यकर्ता आला. "ओ ताई, ह्या म्हाताऱ्याला काढा. आपल्या अध्यक्षांचा, भाऊंचा पुतण्या राहिलाय."

"ते मालिकेत होते. पुतण्या कुठं होता?"

"हवालदारच ना? कोण वळखतं त्यांना? आणि पुतण्या विसरला तर भाऊ मला वळखणार नाय!"

मी शेठकडे बघितलं. शेठ मोबाइलमध्ये. हे काम गेलं तर? मी बटण दाबलं, हवालदार गेला, गॉगलवाला पुतण्या आला. घरी गेले आणि काकांना काहीच बोलले नाही. तीन दिवस बोलले नाही. याला भीती म्हणू नका, हा हलकटपणा होता.

सत्काराला काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. खुर्चीत बसून फ्लेक्सवरचे चेहरे ओळीनं बघत गेले. शेवटपर्यंत आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. व्यासपीठावर नायक म्हणाला, "आमचे त्या वेळचे सगळे सहकलाकार..." आणि पाणी प्यायला. सगळे म्हणजे कोण? एक नाव घ्यायला काय जीभ झडत होती? समोर तर बसला होता माणूस!

मी काकांपाशी गेले. "मीच काढला, काका."

"कुनासाठी?"

"भाऊंच्या पुतण्यासाठी."

"काय करतो तो?"

"दहावीला बसलाय. तिसऱ्यांदा."

"म्हंजे चिकाटी हाय," काका म्हणाले. मग हळूच, "माझा फोटो तेवढा आन गं."

फोटो! तो तसाच दुकानात राहिला होता. सकाळी शेठच्या आधी गेले. स्कॅनरचं झाकण उचललं, हवालदार पालथा पडलेला. रोलच्या शेवटाला उरलेला तुकडा मशीनला लावला. हवालदार अख्ख्या फ्लेक्सभर, वर त्यांचं नाव, एकट्याचं. नायकाचा फोटो खालच्या कोपऱ्यात, टिकलीएवढा, वर लिहिलं 'आणि इतर'. मशीन अर्ध्यावर असताना शेठ आले.

"ही ऑर्डर कुणाची?"

"माझी."

शेठनी वाकून फ्लेक्सचा खालचा कोपरा बघितला आणि म्हणाले, "कडा नीट काप."

फ्लेक्स आम्ही काकांच्या फाटकावर बांधला. काकांनी चष्मा लावून स्वतःला बघितलं, मग वाकून कोपरा बघितला.

"एवढ्या खाली नको गं टाकू त्याला. कामाला बरा होता. थोडा वर घे."

त्यांचं सगळं ऐकते मी. हे नाही ऐकलं.