डाव्या पायातलं रक्त

मी सीटी स्कॅनचा टेक्निशियन. राहायला सिंदी मेघेत, नोकरी वर्ध्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो, हसतो, विसरून जातो... पण हे माझ्यासमोर घडलं, भर दुपारी.

हिंगणघाटचे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. शुगरमुळे त्यांचा डावा पाय सडला, गुडघ्याखालून कापावा लागला. पुढे उजव्यालाही जखम झाली, म्हणून रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायला आमच्याकडे आणलं. तेव्हा नुकतंच डीप लर्निंगचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पुसट, बारीक रक्तवाहिन्या ते स्पष्ट करून दाखवतं.

स्कॅन झाला. मोठे बाबा व्हीलचेअरवर माझ्या मागेच होते. डॉक्टर मॅडम घाईत आल्या, स्क्रीन बघून म्हणाल्या, "उजवा बंदच आहे. डाव्याचा फ्लो मात्र छान आहे." मग त्यांची नजर व्हीलचेअरकडे गेली...

जिथे पायच नव्हता, तिथे रक्तवाहिन्या पार बोटांपर्यंत उतरल्या होत्या. मी सॉफ्टवेअरमधून जाण्याआधीचा मूळ स्कॅन उघडला – डाव्या गुडघ्याखाली नुसता काळोख.

कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, सॉफ्टवेअरने उजव्याची नक्कल केली असेल. पण उजवा तर बंद होता! शिवाय मोठ्या बाबांच्या डाव्या पायाचं एक बोट तरुणपणीच कापसाच्या जिनिंग कारखान्यात तुटलेलं. स्क्रीनवरही नेमक्या त्याच बोटाची जागा रिकामी होती.

मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "रगत चालू होतं, त मंग कापला काऊन?"



उजवा पाय लगेच कापणं गरजेचं होतं. मशीन चुकलं म्हणून मॅडमनी समजावलं, मी पाया पडलो. मोठ्या बाबांचं एकच – "पयले तो वापस आना, मंग हा कापा."

उजव्या पायाचा काळेपणा वर चढत गेला. वासाने खोलीत कोणी थांबेना. एकटी त्यांची बायको, मोठी आई, बसायची. ते तिच्याकडून डाव्या बाजूच्या रिकाम्या गादीवर तेल चोळून घेत, आणि हा पाय गरम आहे म्हणत. तसेच गेले.

तोच स्कॅन मी सॉफ्टवेअरमधून कितीदा तरी काढून बघितला. तो पाय पुन्हा आला नाही. पहिली इमेज मात्र सिस्टीममध्ये आहे, आणि तिचा अर्थ कोणालाच लावता आलेला नाही.

तेरवीनंतर मोठ्या आईने मला बाजूला घेतलं. "मशीनमंदी त्याईचा पाय जिता होता नं... आता तो एकटाच राह्यला काय रे?"