शेठच्या तळघरातली चोरी

तळघर म्हटलं की माझं डोकं आजही तापतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोल्हापुरातल्या एका बंगल्याच्या तळघरानं मला जेवढं छळलं, तेवढं कुणा दरोडेखोरानंही छळलं नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दारू बाळगायला परमिट लागायचं आणि परमिटवरही ठरावीकच मिळायची.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक फाउंड्रीवाले शेठ ठाण्यात आले. घरात चोरी झाली म्हणाले.

"काय गेलं?"

"बाटल्या."

"कसल्या?"

"औषधाच्या."

"किती?"

"बऱ्याच होत्या की. पण साहेब, चोर मला ठाऊक आहे. तेवढा धरा, बाकी लिहू नका."

आता बाकी लिहायचं नाही, तर फिर्याद कशाची घ्यायची, कप्पाळाची? शेवटी त्यांनी नाव घेतलं ते त्यांचा बंगला बांधणाऱ्या गवंडी मिस्त्रीचं. बाटल्या ज्या खोलीत होत्या, तिचा दरवाजा एका कपाटामागं होता, आणि तो फक्त शेठला आणि मिस्त्रीला माहीत, असा त्यांचा दावा. शेठ मुंबईला गेले होते. परत येऊन बघतात तर खोली रिकामी. कुलूप मात्र जागच्या जागी, शाबूत.

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. मुसलमान माणूस, घरात बापजाद्यांपासून गवंडीकाम. शिपाई त्याला घेऊन निघाला तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. त्याच्या लेकीची सोयरीक मिरजेला जुळत आली होती आणि शुक्रवारी पाहुणे मंगनीला येणार होते. आल्या आल्या त्यानं मला हेच सांगितलं.

"साहेब, मारा, बसवून ठेवा, कायबी करा. पर शुक्रवारच्या आत माझं नाव साफ करा. पोरीचं मोडलं तर मी काय करू?"

"मग सांग, ती खोली कसली? आत काय होतं?"

"त्ये न्हाय सांगता येत."

"का?"

"ओळंब्यावर, आमच्या हत्यारावर हात ठिवून जबान दिलीया शेठला. काम झाल्यावर तोंड उघडायचं न्हाय म्हणून."

मी टेबलावर हात आपटला. अरे, ज्याला जबान दिलीस त्यानंच तुला चोर ठरवलंय! तर म्हणतो, "त्यानं त्याचं केलं, साहेब. मी माझं करतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. फिर्यादी सांगेना काय गेलं, संशयित सांगेना कुठून गेलं. आमचे जमादार वैतागून म्हणाले, "साहेब, ही चोरी न्हाय, लपाछपी हाय. आपल्यावर राज्य आलंय."

मग खबर आली. चंदगडकडून जांभा दगड आणणारा एक ट्रकवाला आमच्या ओळखीचा होता. तो हसतच आला. "औषध कसलं वो? शेठनं बंगल्याखाली द्राक्षाच्या इलायती दारूसाठी खोली केलीया. दगड मीच टाकलाय की."

शेठना बोलावून दारूबंदीचा कायदा दाखवला, तेव्हा त्यांची जीभ सुटली. आणि सुटली ती थांबेचना! मशीन आणायला परदेशी गेले होते, तिथं एका कारखानदाराच्या घरी तळघर पाहिलं. झालं, तसंच आपल्याला पाहिजे. बंगल्याच्या उत्तर अंगाला खोल खणलं. जांभ्याच्या भिंती, दगडांमधले सांधे चुन्याचे, कारण सिमेंटनं म्हणे खोली तापते. खाली वाळू, तिच्यावर रोज पाणी शिंपडायचं. हवेला एक पाइप, भिंतीला उष्णता मोजायची काच, सागवानी फळ्यांना खाचा आणि खाचांत बाटल्या आडव्या. "आडव्या का, साहेब? बूच ओलं राहायला पाहिजे. सुकलं की आत हवा शिरली."

"अहो, बुचाचं राहू द्या! तिकडं एका माणसाच्या पोरीचं लग्न मोडायला आलंय!"

शेठनं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या आईला मात्र कळू देऊ नका. तिला मी पाण्याची टाकी म्हणून सांगितलंय."

गुरुवारी दोन पंच घेऊन बंगल्यावर गेलो. कपाट सरकवलं, पायऱ्या उतरलो. कुलपावर ओरखडा नाही, वाळू स्वच्छ झाडलेली. चोर झाडून जातो होय? वर येतोय तोवर शेठच्या आई समोर उभ्या. नऊवारी, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी पुसल्याची खूण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"काय लिवायचं त्ये मागनं लिवा. आदी खावा. दुपार झाली की."

कोल्हापुरात पुढं आलेल्या ताटाला नाही म्हणण्याची हिंमत पोलिसातही नाही. गरम घावन आले आणि वर ओतायला काकवी. कोडोलीला त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ होतं, तिथली ताजी, मधासारखी दाट. मी बाटली उचलली आणि हात थांबला. जाड हिरवी काच, बूड आत खोल दाबलेलं, अंगावर खरवडलेल्या कागदाचा तुकडा आणि त्यावर परदेशी अक्षरं.

"मावशी, ही बाटली कुठली?"

"खालच्या टाकीतली. चांगल्या दणकट बाटल्या, आडव्या पाडून ठेवल्यात्या. आतला रस नासल्याला. म्हशीम्होरं ठेवला, तर तिनंबी तोंड फिरवलं. उकिरड्यावर वतला, बाटल्या धुतल्या आन काकवी भरून समद्या पावण्यांत वाटल्या."

शेठनं ती बाटली उचलून उजेडात धरली. "आई, तो रस नव्हता गं. तुला कळलं नाही—"

"मला कळलं न्हाय व्हय?" म्हातारी एकदम कडाडली. "तुझा बा त्येच्यातच गेला. तो वास मला झोपंतबी कळतोय. घर माझं, किल्ल्या माझ्या कमरंला, आन तू मला टाकी म्हणून सांगतोस?"

मग म्हातारीनं माझ्याकडं वळून विचारलं, "पर चोरी कसली म्हणतासा? धरलंय कुणाला?"

मी मिस्त्रीचं सांगितलं. पोरीचंही सांगितलं. म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं ताट बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला आणि लेकाला म्हणाली, "ऊठ."

भर दुपारी आमची जीप मिस्त्रीच्या गल्लीत शिरली तेव्हा बायामाणसं पुन्हा दारात. मिस्त्रीच्या अंगणात मिरजेचे व्याही बसलेले. शिपाई आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि शुक्रवारची वाट न बघता ते सोयरीक मोडायलाच आले होते. म्हातारी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. आवाज तर असा की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावा.

"पावणं, ऐका. बाटल्या म्या काढल्या. मिस्त्रीनं न्हाय. चोर म्हणायचं तर मला म्हणा." मग शेठकडं वळून, "आता तू सांग. काय होतं बाटल्यांत?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

"दारू," शेठ म्हणाले.

"मोठ्यानं सांग. नाव घेताना मोठ्यानं घेतलंस न्हवं?"

"दारू होती! मिस्त्रीनं काही केलं नाही. मी खोटं नाव घेतलं, तरी पोलिसांपुढंही त्यानं माझं गुपित फोडलं नाही."

मिस्त्री तोंड झाकून ढसाढसा रडला. मिरजेचे व्याही दाढी कुरवाळत पुढं आले. मग त्यांनी विचारलं, "दोन दिवस पोलिसांनी बसवलं, तरी शेठचं गुपित सांगितलं न्हाय तुमी?"

"जबान दिलती," मिस्त्री म्हणाला.

"मग उद्या येतो आमी," ते म्हणाले आणि चहा मागितला.

कागदोपत्री तक्रार गैरसमजातून दिल्याचा अहवाल पाठवला. शेठवर दारूचा गुन्हा लावावा तर मुद्देमाल शेणखतात मिसळलेला. मी चार खडे शब्द सुनावले आणि हात जोडले.

या प्रकरणानं मला एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. त्यानंतर घरफोडीचा कुणीही फिर्यादी समोर बसला की 'तुमचा संशय कुणावर?' हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, 'ही वस्तू तुम्ही घरात कुणापासून लपवून ठेवली होती?' या एका प्रश्नावर किती फिर्यादी तक्रार न देताच उठून घरी गेले, म्हणून सांगू! आणि तेवढी निरपराध माणसं ठाण्याची पायरी चढण्यापासून वाचली.