पाठ लावायची सवय

आम्ही दोघं जोडीदार, कळंबजवळच्या एका जिनिंगमध्ये ट्रकवर कापसाचे बोरे चढवायचो. थप्पी कलली की पळायचं नाही, वळून तिला पाठ लावायची, ही तिथली रीत. पळालात तर खालचे गाडले जातात. शिवाय कापूस माणसाला दाबतो, मोडत नाही. पाठ लावणारा ओरडायचा, "थांबली का?" खालचा सांगायचा, "थांबली." जोडीदाराला हे मीच शिकवलं होतं.

पुढे एका साली कापूस असा बुडाला की दिवाळी उलटली तरी जिनिंगचं कुलूप निघेना. आम्ही एका बांधकामावर लागलो.

पहिल्याच आठवड्यात ट्रॉलीत दगडी फरशा उभ्या लावत होतो. तो वर होता, मी खालून फरशी देत होतो. अचानक अख्खी ओळ कलली. "हट! पळ!" मी बोंबललो. तो वळला आणि त्यानं फरशांना पाठ लावली.

दवाखान्यात ठेकेदार माझ्यावरच खेकसला, "कोणीबी पळालं असतं. हा काहून आडवा गेला?" त्याची गचांडी धरावीशी वाटली. दगड उचलायला लावताना दगडाची रीत सांगायला याचं तोंड शिवलं होतं काय? पण कापसाची रीत तर मीच शिकवली होती.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. कमरेखालची चादर जराही हलत नव्हती. मला पाहून त्यानं पहिलं विचारलं, "थांबली का?"

"थांबली," मी म्हणालो.

त्यानं समाधानानं डोळे मिटले.