हात आत कामून जातो?

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये त्यांना सगळे 'वकील' म्हणत. शिक्षण जेमतेम नववी, काम प्रेस मशीनवर डाय, म्हणजे साचा, बसवण्याचं. पण काही बिघडलं की हा माणूस कोर्टात उभा असल्यासारखा उलटतपासणी घ्यायचा. परभणीहून येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं, 'का'ला 'कामून' म्हणायचं. मी मालक, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला ते 'सायेब' म्हणत आणि तरी मलाही सोडत नसत.

एकदा चाकणच्या एका कंपनीने आमचे ब्रॅकेट ओरखडे आहेत म्हणून परत पाठवले. "हे कोणी केलं?" असं ओरडत मी शेडभर फिरलो.

"सायेब, असं इचारल्यावर कोण सांगल?" वकील म्हणाले. "कोणत्या मालावर ओरखडे न्हाईत, ते इचारा की."

सकाळच्या मालावर नव्हते. पुसायचं फडकं सकाळी स्वच्छ असे, दुपारपर्यंत त्यात लोखंडाचा कीस भरे. जेवणाच्या सुट्टीनंतर फडकं बदलायचं, एवढ्यावर काम भागलं. मी मात्र पॉलिशच्या नव्या मशीनची चौकशी करून बसलो होतो! टपरीवरचा चहावालाही त्यांना वचकून असे, "तुझा चहा चारनंतरच कामून पातळ व्हतो?" असं त्यांनी त्याला चारचौघांत विचारलं होतं.

मग मोठी ऑर्डर आली. रोजचे नग दीडपट हवे होते, नाहीतर काम कुरुळीच्या दुसऱ्या शेडला जाणार होतं. मला ती ऑर्डर काही झालं तरी हवी होती.

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडत नाही, त्यामुळे हात आत सापडत नाही. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो आणि काम पळतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. मी सगळ्यांना विचारलं, "वेग कसा वाढेल?" दुसऱ्या दिवशी बटणात पाचर होती. मी ती पाहिली आणि पुढे गेलो.

वकिलांनी ती उपटून माझ्या टेबलावर ठेवली. "सायेब, तुमचा सवालच चुकला. हात आत कामून जातो, ते इचारा. पत्रा ठेवायलाच ना? मंग पत्रा आपसूक घसरत जाईल अशी पन्हाळी करू. हातबी भाईर, कामबी जल्दी. चार दिवस मशीन बंद ठेवा."

चार दिवस! मी भडकलो. "वकील, कोर्ट नंतर भरवा. आधी माल जाऊ द्या."

पाचर परत बटणात गेली. वकील रोज विचारत, "सायेब, कधी बंद ठेवायची?" मी रोज म्हणे, "पुढच्या आठवड्यात."

तो आठवडा उजाडायच्या आत बालाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सव्वीस वर्षांचा आमचा प्रेस ऑपरेटर, वर्षापूर्वीच लग्न झालेला. दवाखान्यात मला पाहून त्याने पहिलं काय विचारलं? "साहेब, माझं काम राहील ना?" मी तिथून बाहेर आलो.

मग मशीन बंद ठेवली. वकिलांनी तीनच दिवसांत पन्हाळी बसवली. हात बाहेर राहिला आणि नग दीडपटीच्याही वर गेले. चौथ्या दिवशी ते डबा घेऊन केबिनच्या दारात आले.

"गावाकडं जातो, सायेब. आता परत न्हाई यायचो."

मी हात जोडले. चूक माझी आहे, म्हणालो.

"तुमची हायेच," ते म्हणाले. "पर मेन स्विच माझ्याम्होरं व्हता. बंद करायचा सोडून मी नुसता इचारतच राह्यलो."

त्यांचा काही दोष नाही, असं मी म्हणायला हवं होतं. ते गेले.

पुढे ऑर्डर देणाऱ्या कंपनीचे लोक येऊन पन्हाळीचे फोटो काढून गेले. नव्या कल्पनेबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बालाजी आता माल तपासतो, डाव्या हाताने सही करतो. अधूनमधून वकिलांची आठवण काढतो. मी पाचर पाहिली होती का, हे मात्र त्याने मला अजून विचारलेलं नाही.