बिनतेलाचं ताट

लॉन्ड्रीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. हॉटेलांच्या मोठ्या चादरींची घडी ती एकटीच घालायची. एक टोक हनुवटीखाली दाबायचं, दोन्ही हात फाकवायचे, की कोपऱ्यावर कोपरा बसलाच. मालक गिऱ्हाइकांना गमतीने बजावायचा की हिच्याशी हात मिळवू नका, बोटं मोडतील.

अशा बाईला तिच्याच दुखण्याच्या वेळी दवाखान्यात बाहेर बाकावर बसवलं. छातीतली गाठ तिनेच शोधली, सुया तिनेच टोचून घेतल्या. पण रिपोर्ट आला तेव्हा आत गेले नवरा आणि मोठे दीर. त्या घराची रीतच तशी. दुखणं बाईचं, डॉक्टरांशी बोलणं पुरुषांचं. त्यातून दीर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मग नवऱ्याने तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. पेशीच्या आवरणात चरबीचे बारीक रेणू असतात. बाहेरून इशारा आला की त्यांतले काही रूप बदलतात आणि पेशीला ‘वाढ’ असा निरोप देतात. निरोगी पेशीत तो निरोप वेळेवर पुसलाही जातो. या गाठीत तो पुसलाच जात नाही. आधी केमो द्यायची, मग ऑपरेशन.

दिरांच्या कानात त्यातले दोनच शब्द उरले. चरबी आणि वाढ.

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलाशी वर्गच भरवला. चरबी तोडली की गाठीची रसद तुटली, असं म्हणाले. त्याच दिवशी जाऊबाईंनी तेल आणि लोणी कपाटात घालून कुलूप लावलं. इस्त्रीबाईच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि पाण्यासारखं दूध येऊ लागलं. शेजारच्या ताटात दीर तळलेले बटाटे खात. कुणी बघितलं तर म्हणत, मला कुठे काय झालंय?

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण भेटायला कुणी आलं की जाऊबाई आवाज खाली आणून सांगत, “डब्यात रोज लोणी फासलेला पाव न्यायची हो.” ऐकणारी माणसं अशी मान हलवत, जणू चोर मुद्देमालासकट सापडला. दिवसभर उभं राहून जड इस्त्री ओढणाऱ्या बाईने दुपारी दोन पाव खाल्ले, हा तिचा गुन्हा. आणि ती बिचारी तो कबूल करून बसली. जिभेचे चोचले भोवले, असं स्वतःच म्हणायला लागली.

केमोने तोंड आलं. उकडलेला भोपळा घशाखाली उतरेना. गळ्याची हाडं वर आली तेव्हा दीर खुशीत म्हणाले, बघा, चरबी हटतेय. नवरा तिच्या ताटाकडे बघे आणि मुकाट्याने आपलं जेवण संपवे.

तिसऱ्या केमोला नर्सने तिला काट्यावर उभं केलं, उतरवलं, पुन्हा उभं केलं. मग आत जाऊन आली आणि म्हणाली की आज डोस देता येणार नाही, अंगात ताकदच नाही, डॉक्टर बोलावताहेत. दीर सवयीने उठले.

“भाऊजी, तुम्ही बसा,” इस्त्रीबाई म्हणाली. “गाठ माझी आहे.”

“अगं, तुला ते समजायचं नाही.”

“नाही समजलं तर पुन्हा विचारेन.”

आत डॉक्टरबाईंनी तिचं जेवण विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. ते रेणू पेशी स्वतःच घडवते, त्या म्हणाल्या. ताटातल्या चमचाभर तेलाने त्यांचा निरोप सुरू होत नाही आणि बंदही होत नाही. उपासाने गाठ मरायची नाही, माणूस खचेल. आठवडाभरात अंग सावरलं नाही तर डोस आणखी लांबेल, आणि गाठ काही थांबून राहणार नाही.

तिने एकच विचारलं. “म्हणजे माझ्या पावामुळे झालं नाही?”

“नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?”

तिने नाव घेतलं नाही. बाहेर येऊन मात्र दिरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या म्हणण्याचा रोख तोच होता.”

घरी आल्यावर तिने जाऊबाईंपुढे हात पसरला आणि किल्ली घेतली. तवा तापवला, लोणी सोडलं, दोन अंडी फोडली. सगळे टेबलाशी येऊन बसले, खेळ बघायला बसावं तसे. पहिला घास तोंडातल्या फोडांवरून गेला आणि तिचे डोळे भरले. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा खाऊ लागली. चुकलं असं कुणी म्हटलं नाही. उलट दिरांनी घसा खाकरला, “तरी बेताबेताने...”

“दादा, तिला जेवू दे,” नवरा म्हणाला.

एवढंसं वाक्य. ते बाहेर पडायला बायकोची हाडं दिसावी लागली. इस्त्रीबाईने मान वर केली नाही. तिला अजून एक अंडं संपवायचं होतं.